मुलीचे मधले नाव : मराठी नामपद्धतीतील एका स्थानाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रात मुलीच्या बारशाचा सोहळा मुख्यतः स्त्रियांच्या हातून पार पडतो. बाराव्या दिवशी पाळणा बांधला जातो, सुवासिनी पाळणागीते म्हणतात आणि आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव उच्चारते. हे नाव कोणते असावे यासंबंधी घरात पुष्कळ विचार झालेला असतो. जन्मनक्षत्राचे अक्षर, कुलदेवता, दिवंगत आजी, एखादी नदी वा एखादे फूल यांतून निवड करावयाची असते. याच मुलीचे नाव पुढे शाळेच्या दाखल्यावर लिहिले जाते तेव्हा मात्र त्यात आणखी एक नाव आलेले असते. ते तिच्या कानात कोणी सांगितलेले नसते; त्याविषयी घरात चर्चाही झालेली नसते. ते तिच्या पित्याचे नाव असते. तिचा विवाह झाला की बहुधा तेही जाते आणि त्याच्या जागी पतीचे नाव येते.

पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजात मुलीचे मधले नाव हा निवडीचा विषय असतो. तेथे आजीचे, मावशीचे किंवा एखाद्या संत स्त्रीचे नाव त्या जागी घालता येते आणि ते जन्मभर तिचे स्वतःचे राहते. मराठी नामपद्धतीत मधले पद हे वस्तुतः दुसरे नाव नसून संबंध दर्शविणारे पद आहे. ती कोणाची मुलगी अथवा कोणाची पत्नी, एवढेच ते सांगते. पुरुषाच्या बाबतीत हा संबंध जन्मभर एकच राहतो. स्त्रीच्या बाबतीत तो मध्येच पालटतो.

ही रीत प्राचीन काळापासून अशीच चालत आलेली आहे, असा सर्वसाधारण समज आहे. उपलब्ध साधनांवरून तसे म्हणता येत नाही. स्त्रीची ओळख कोणत्या संबंधाने सांगावयाची याची अनेक वळणे महाराष्ट्राच्या इतिहासात होऊन गेली. आज परिचित असलेले वळण पक्के झाले ते दप्तर, न्यायालय आणि शाळा यांच्या लेखनपद्धतीमुळे. हा क्रम दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शास्त्रग्रंथांतील नामविचार

गृह्यसूत्रांनी नामकरणाचे नियम सविस्तर सांगितले आहेत. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव सम अक्षरांचे, तर मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांचे नाव उच्चारावयास सोपे, मनोहर, मंगल आणि दीर्घस्वरान्त असावे असे सांगितले आहे. उत्तरकालीन निबंधग्रंथांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे चार प्रकार आढळतात. या चारांत पित्याच्या नावाला जागा नाही. पित्याशी असलेला संबंध गोत्राने आणि संकल्पातील उच्चाराने व्यक्त होत असे. नावाचा अवयव म्हणून नव्हे.

व्याकरणाच्या क्षेत्रात मात्र हा संबंध नावातच प्रकट होतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात अपत्यार्थी प्रत्यय सांगितले आहेत. त्यांत पुरुषनामांपासून होणाऱ्या अपत्यनामांबरोबर स्त्रीनामांपासून होणाऱ्या अपत्यनामांसाठीही सूत्रे आहेत. कौंतेय, राधेय, वैनतेय ही नावे त्याच रीतीची. म्हणजे अपत्याची ओळख मातेच्या नावाने सांगणे हे भाषेला अपरिचित नव्हते.

स्त्रियांच्या पितृवाचक नावांचा विचार येथे अधिक उद्‌बोधक ठरतो. द्रौपदी म्हणजे द्रुपदाची कन्या, जानकी म्हणजे जनकाची कन्या. गांधारी व कैकेयी ही नावे माहेरच्या देशावरून पडली. यांपैकी कोणाचेही नाव विवाहानंतर पालटले नाही. द्रौपदीला पाच पती असूनही ती द्रौपदीच राहिली, आणि अयोध्येच्या राजवाड्यात जानकीचे जानकीपण लोपले नाही. पुराणकथा हा व्यवहाराचा साक्षात पुरावा नव्हे, हे खरे. परंतु विवाहाबरोबर माहेरची ओळख पुसलीच पाहिजे अशी कल्पना या नावे घडविणाऱ्या समाजाला अपरिहार्य वाटत नव्हती, इतके अनुमान काढावयास हरकत नाही.

३. कोरीव लेख व ताम्रपट यांतील स्त्रिया

महाराष्ट्रातील प्रत्यक्ष पुरावा सातवाहनकाळापासून मिळतो. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही राजनामे सर्वपरिचित आहेत. ‘गौतमी’ आणि ‘वासिष्ठी’ ही मातांची गोत्रवाचक नावे होत. यावरून सातवाहनांत मातृसत्ता होती असे मात्र म्हणता येत नाही, कारण राज्य पित्याकडून पुत्राकडेच जात असे. अनेक राण्यांचे पुत्र असलेल्या राजकुलात कोणता पुत्र कोणत्या राणीचा हे सांगण्याची सोय या पद्धतीने होत असावी. तरीही एक गोष्ट उरतेच. राणी सातवाहन कुलात आल्यावरही तिच्या माहेरच्या संबंधाने आलेले गोत्रनाम तिच्याजवळ राहत होते, आणि राजा तेच नाव आपल्या नावाच्या अग्रभागी मिरवीत होता.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षाचा सुप्रसिद्ध लेख आहे. तो गौतमी बलश्रीच्या दानाचा आहे. या लेखात तिने पुत्राच्या पराक्रमाचे विस्तृत वर्णन केले असून आपली ओळख महाराजाची माता व महाराजाची पितामही अशी करून दिली आहे. एवढ्या दीर्घ लेखात तिच्या पतीचे नाव आलेले नाही. नाणेघाटातील लेण्यात ज्या राजपुरुषांच्या प्रतिमा होत्या त्यांवरील नामलेखांपैकी एकात देवी नायनिका आणि राजा सातकर्णी यांची नावे एकत्र कोरलेली आहेत. तेथे पतीचा उल्लेख आहे. परंतु तो राणीच्या नावाचा शेपूट म्हणून नव्हे, शेजारचे स्वतंत्र नाव म्हणून आहे.

क्षत्रप राजा नहपान याची कन्या दक्षमित्रा हिचा दानलेखही नाशिकच्याच लेण्यांत आहे. त्यात ती क्षहरात क्षत्रप नहपानाची कन्या आणि दीनिकपुत्र उषवदाताची पत्नी असल्याचे नमूद केले आहे. बेडसे येथील सामडिनिका या महारठिनीच्या लेखातही पिता व पती या दोहोंचा निर्देश आढळतो. या लेखांत स्त्रीचे स्वतःचे नाव मध्यवर्ती असून दोन्ही संबंध त्याभोवती उभे आहेत. एक आला म्हणून दुसरा गेला, असे झालेले नाही. बौद्ध भिक्षुणींच्या लेखांत तर पुष्कळदा पितापती दोघेही नसतात. तेथे गुरूशी असलेले शिष्यत्व हीच ओळख असते.

या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे ताम्रपटाचा आहे. ती गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या व वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन याची अग्रमहिषी. पतीच्या अकाली निधनानंतर अल्पवयीन युवराज दिवाकरसेन याच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. धर्मशास्त्रकारांच्या प्रचलित मतानुसार विवाहानंतर स्त्रीने पतीचे गोत्र सांगावयास हवे. ताम्रपटात प्रभावतीने आपले गोत्र ‘धारण’ असे दिले आहे. हे तिच्या पित्याचे गोत्र होय. पटाच्या आरंभीची वंशावळही वाकाटकांची नसून गुप्तांची आहे. माहेरचे सामर्थ्य मोठे असल्यामुळे तिला हे शक्य झाले, असे स्पष्टीकरण दिले जाते व ते योग्यही आहे. परंतु त्यातूनच मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. स्त्रीच्या नावाला कोणता संबंध जोडावयाचा हे शास्त्राने एकदाच ठरवून टाकलेले नव्हते. जिच्या हाती सत्ता होती तिला त्यात निवड करता येत असे.

४. संतपरंपरा आणि मध्ययुगीन दप्तर

ज्यांच्या हाती कोणतीच सत्ता नव्हती अशा स्त्रियांनाही निवडीचा एक मार्ग मिळाला, तो वारकरी संप्रदायाच्या नाममुद्रेत. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्या अभंगांतील नाममुद्रा तिला नामदेवांशी जोडते. हे नाते जन्माचेही नाही आणि विवाहाचेही नाही. सोयराबाईची मुद्रिका तिचे पती चोखामेळा यांच्याशी तिला जोडते. मुक्ताबाईला मात्र कोणत्याही जोडाची आवश्यकता भासली नाही. एकाच परंपरेत नाव सांगण्याच्या या तीन रीती एकत्र नांदत होत्या.

शिवपूर्वकाळापासूनच्या महजरांत, वतनपत्रांत व निवाड्यांत निराळे चित्र दिसते. येथे नावाचा हेतू हक्क सिद्ध करणे हा असल्यामुळे संबंधवाचक शब्द काटेकोरपणे येतात. पुरुषांच्या बाबतीत ‘बिन’ अथवा ‘वलद’ हे शब्द ‘अमक्याचा पुत्र’ या अर्थी वापरले जात. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ हा शब्द येई व त्याचा अर्थ ‘अमक्याची पत्नी’ असा असे. वऱ्हाड व नागपूर प्रांतांतील कागदपत्रांत ‘जौजे’, तर मराठवाड्यात ‘भ्रतार’ अथवा त्याचे ‘भ्र.’ हे संक्षिप्त रूप रूढ झाले. विसाव्या शतकातील जमिनीच्या नोंदींतही हे शब्द आढळतात.

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावयास हवा. ‘साळू कोम धोंडजी’ असे लिहिले असता धोंडजी हा साळूच्या नावाचा भाग होत नाही. मधला ‘कोम’ हा शब्द दोन माणसे वेगळी ठेवतो आणि त्यांच्यातील नाते उघडपणे सांगतो. हा शब्द गळून पडला आणि ‘साळूबाई धोंडजी’ असे लिहिले जाऊ लागले, तेव्हा नात्याचे नावात रूपांतर झाले. पुरुषांच्या बाबतीत हा बदल ब्राह्मणी लेखनात आधीच झाला होता. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव या पेशव्यांच्या नावांत दुसरे पद पित्याचे आहे. ‘बल्लाळ’ हे बाळाजीचेच रूप.

५. आडनावाचा प्रवेश आणि ‘मधल्या’ स्थानाचा जन्म

एकोणिसाव्या शतकात मुंबईतील नामवंत पुरुष दोन पदांनी ओळखले जात. दादोबा पांडुरंग, आत्माराम पांडुरंग, सखाराम अर्जुन ही नावे त्या पद्धतीची. आडनाव असले तरी ते प्रत्येक वेळी लिहिले जात नसे. या पद्धतीत पित्याचे नाव मधले नसून शेवटचे आहे. न्यायालये, विद्यापीठ, सरकारी नोकऱ्या आणि छापील याद्या यांचा विस्तार होत गेला तसे आडनाव आवश्यक झाले आणि पित्याचे नाव दोन पदांच्या मध्ये सापडले. म्हणजे ‘मधले नाव’ ही संज्ञाच मराठीत आडनावाच्या सार्वत्रिक वापराबरोबर अर्थपूर्ण झाली.

या संक्रमणकाळात स्त्रीच्या नावाचे काय झाले हे १८८४ ते १८८८ या काळात मुंबईत गाजलेल्या खटल्यावरून चांगले दिसून येते. बालपणी झालेल्या विवाहानंतर पतीकडे नांदावयास जाण्याचे रखमाबाईंनी नाकारले. कायद्याच्या अहवालांत हा खटला दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई असा नोंदविला आहे. वादी दोन पदांनी उभा आहे, प्रतिवादी एका पदाने. तिच्या नावापुढे जनार्दन या जन्मदात्याचे नाव नाही, सखाराम अर्जुन या सावत्र पित्याचे नाही. आणि ज्याचे नाव रूढीने लावावयाचे तो तर समोरचा पक्षकार होता. वादाचा विषयच ‘ही स्त्री कोणाची’ असा असल्यामुळे ती रिकामी जागा केवळ लेखनाची सोय राहत नाही. पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन परतल्यावरही त्या डॉ. रखमाबाई या एकाच नावाने ओळखल्या गेल्या.

१८८२ साली पुण्यात छापल्या गेलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकाच्या लेखिकेचे उदाहरण निराळे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे पती त्यांच्या माहेरी राहावयास आले होते. ताराबाईंनी लावलेले ‘शिंदे’ हे आडनाव त्यांचे पिता बापूजी हरी शिंदे यांचे होय. पंडिता रमाबाईंच्या नावात तर पिता, पती व आडनाव यांऐवजी पुढे विद्वत्तेची पदवी आणि मागे ‘सरस्वती’ ही उपाधी आली. गोव्याच्या कलावंत समाजातील गायिकांनी आणखी एक वाट दाखविली. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे आडनाव केरी या गावावरून, तर मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचे कुर्डी या गावावरून आले. रूढ विवाहसंस्थेच्या बाहेर ठेवल्या गेलेल्या या समाजात स्त्रीचे नाव आणि तिचे गाव यांच्यामध्ये कोणाही पुरुषाचे नाव बसविण्याची गरज पडली नाही.

ही उदाहरणे अपवादात्मक होत. सर्वसामान्य सुशिक्षित कुटुंबांत विवाहसमयी मुलीचे सर्वच नाव पालटण्याची रीत दृढ होती. वराने तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहावयाचे आणि त्या क्षणापासून वधूला त्या नावाने हाक मारावयाची. १८६५ साली जन्मलेल्या यमुना या मुलीचा १८७४ साली गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला व ती आनंदीबाई झाली; १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी तिने याच नावाने मिळविली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांचेही माहेरचे नाव यमुनाच, आणि लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका होत्या. देवरुखकडच्या जोशी घराण्यातील गोदूबाई पहिल्या विवाहाने नातू झाल्या, बालपणीच विधवा झाल्या, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या. एका आयुष्यात तीन आडनावे आणि दोन नावे, असा हा हिशेब आहे. त्याच काळात पुरुषाच्या नावात ‘राव’ वा ‘पंत’ यांखेरीज काही वाढत वा घटत नव्हते.

६. न उच्चारावयाचे नाव

पतीचे नाव मधल्या स्थानी आणणाऱ्या या व्यवस्थेत एक अंतर्विरोध होता. जुन्या घरांत पत्नीने पतीचे नाव मुखाने घेणे निषिद्ध मानले जाई. ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’ अशा आडवळणांनी ती त्याचा उल्लेख करी. मंगळागौर, डोहाळजेवण, लग्नसमारंभ अशा ठरावीक प्रसंगीच, आणि तेही उखाण्याच्या पद्यबद्ध आवरणात, ते नाव घेण्याची मुभा असे. ‘नाव घेणे’ या शब्दप्रयोगाला मराठीत प्राप्त झालेला विशेष अर्थ या निषेधातून आला आहे.

एकीकडे जे नाव स्त्रीने तोंडाने घ्यावयाचे नाही, तेच दुसरीकडे शाळा, न्यायालय व दवाखाना यांच्या कागदांवर तिचे स्वतःचे नाव म्हणून लिहावयाचे, अशी स्थिती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निर्माण झाली. साक्षर स्त्रीला आपली पूर्ण सही करताना प्रत्येक वेळी तो निषेध मोडावा लागे. विसाव्या शतकात हा निषेध सैल होत गेला, त्याची शिक्षण, शहरातील स्वतंत्र बिऱ्हाडे आणि समाजसुधारणा ही कारणे सर्वमान्य आहेत. कागदोपत्री लिहावयाच्या पूर्ण नावाचाही त्यांत वाटा असणे संभवनीय आहे.

ग्रंथलेखनात मात्र स्त्रियांच्या नावांतून हे मधले स्थान बहुधा वगळले गेले. पुरुष लेखक ‘ना. वा. टिळक’, ‘म. गो. रानडे’ असे आद्याक्षरांनी छापले जात. त्यात पित्याचे नाव एका अक्षराने का होईना उपस्थित असे. त्यांच्याच समकालीन लेखिका काशीबाई कानिटकर, लक्ष्मीबाई टिळक अशा दोन पदांनी छापल्या गेल्या. ‘बाई’ या आदरार्थी पदाने मधली जागा जणू भरून काढली. त्यामुळे एकाच स्त्रीला वाङ्‌मयात एक नाव व दप्तरात दुसरे, अशी दुहेरी ओळख प्राप्त झाली. आजन्म अविवाहित राहिलेल्या दुर्गा नारायण भागवत (१९१०–२००२) यांच्यासारख्या विदुषीचे पूर्ण नाव बदलण्याचा प्रसंग आला नाही. स्त्रियांच्या नावापुढची ‘कुमारी’, ‘सौभाग्यवती’, ‘गंगाभागीरथी’ ही उपपदे आणि मधले नाव ही मात्र एकाच यंत्रणेची दोन चाके होती. दोन्हींवरून स्त्रीची वैवाहिक अवस्था कळत असे. पुरुषाच्या नावावरून ती कधीच कळत नव्हती.

७. कायदा आणि नोंदणी

स्वातंत्र्योत्तर कायद्यांचे परीक्षण केले असता एक गोष्ट प्रामुख्याने आढळते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पत्नीने पतीचे नाव लावले पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मुलाचे नाव ठरलेले नसतानाही जन्माची नोंद करता येते व नाव मागाहून घालता येते. जन्माच्या दाखल्यात माता व पिता यांची नावे स्वतंत्र रकान्यांत असतात. त्यामुळे बालकाच्या नावातच पित्याचे नाव घालणे हे ओळखीच्या दृष्टीने अनिवार्य नाही. ते आवश्यक झाले ते प्रवेशअर्ज, परीक्षा, बँक व शिधापत्रिका यांच्या ठरावीक छापील नमुन्यांमुळे. ज्याला आज परंपरा म्हटले जाते त्यातील बराचसा भाग रकान्यांनी घडविलेला आहे.

या रकान्यांची झळ सर्वांत अधिक बसली ती पित्याचे नाव सांगू न शकणाऱ्या मुलांना. देवदासींची मुले, परित्यक्तांची मुले व विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेली मुले यांना शाळेच्या दारातच ‘बापाचे नाव काय?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनाने हा प्रश्न मराठी वाङ्‌मयात ठळकपणे मांडला. एका रिकाम्या रकान्यात माणसाचा सारा सामाजिक दर्जा कसा सामावतो, याची त्या ग्रंथाने जाणीव करून दिली.

मालमत्तेच्या बाबतीत दुसरी अडचण उत्पन्न झाली. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. २००५ साली केंद्रीय कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. कायद्याने मुलगी पित्याच्या घराशी कायमची जोडली गेली. नामपद्धतीने मात्र तिला विवाहाबरोबर त्या घरापासून तोडले. पित्याच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावावयाचे झाल्यास माहेरच्या नावाची शाळेतील विद्यार्थिनी आणि सासरच्या नावाची अर्जदार स्त्री ही एकच व्यक्ती आहे, हे तिने प्रतिज्ञापत्राने अथवा राजपत्रातील नावबदलाच्या सूचनेने सिद्ध करावयाचे. तिच्या भावाला असे काहीही सिद्ध करावे लागत नाही. मधल्या नावाचा प्रश्न हा केवळ भावनेचा नसून हक्काचाही आहे, तो या ठिकाणी.

मातेच्या नावाला कायद्याने दिलेली मान्यता क्रमाक्रमाने वाढत गेली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पित्यानंतर माता असा पालकांचा क्रम होता. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा घ्यावयाचा नाही असा निर्णय दिला. २०१५ साली त्याच न्यायालयाने अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता अपत्याचे पालकत्व मागण्याची मुभा दिली.

८. २०२४ चा निर्णय व त्याचे ऐतिहासिक स्थान

या घडामोडींच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाचा मार्च २०२४ मधील निर्णय पाहिला पाहिजे. त्यानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने नोंदवावयाचे आहे. अनाथ व तत्सम अपवादात्मक प्रकरणांत सवलत ठेवली आहे. पित्याचे नाव न काढता मातेचे नाव त्याच्या आधी आणले, हे या निर्णयाचे वैशिष्ट्य होय. ज्या भूमीत गौतमीपुत्र व वासिष्ठीपुत्र ही नावे शिळेवर कोरली गेली, तेथे मातेचे नाव सुमारे अठरा शतकांनी राजदप्तरात परतले, असे म्हणता येईल. मात्र दोन्ही व्यवस्थांतील भेदही ध्यानात ठेवावयास हवा. सातवाहनांची मातृनामे राजपुत्रांसाठी होती. त्या कुलातील मुलींच्या नावांना ती लावली जात असल्याचा निर्देश त्या प्रसिद्ध लेखांत नाही. २०२४ च्या निर्णयाने मातेचे नाव मुलाप्रमाणे मुलीलाही मिळाले.

निवडीचा प्रश्न मात्र याने सुटला असे नव्हे. जुन्या पद्धतीत मधले नाव पित्याच्या नावाने आपोआप भरले जाई. नव्या पद्धतीत दोन्ही मधली नावे आपोआप भरली जातात. आईबापांना मुलीच्या पहिल्या नावाखेरीज अन्य काही निवडावयाचे उरत नाही. आणखी एक तरतूद याहून महत्त्वाची आहे. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत स्वतःचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही प्रचलित पद्धती चालू ठेवण्यात आली असून, मालमत्तेच्या दस्तऐवजांत विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा तेवढी देण्यात आली आहे. म्हणजे मुलाच्या नावात आलेली आई जन्मभर राहील. मुलीच्या नावात आलेली आई तिच्या विवाहापर्यंत निश्चितपणे राहील, पुढचे त्या मुलीवर व तिच्या सासरमाहेरच्या माणसांवर अवलंबून.

प्रभावतीगुप्तेने धारण गोत्र सांगितले ते सम्राटाची कन्या म्हणून आणि राज्याची सूत्रे हाती असताना. रखमाबाईंचे एकेरी नाव न्यायालयाच्या अहवालात राहिले ते कारावासाची तयारी ठेवून त्यांनी निकाल नाकारला त्या संघर्षात. केसरबाई व मोगूबाई यांच्या नावांमागे त्यांच्या समाजाला सोसावी लागलेली सामाजिक अवहेलना होती. इतिहासात स्त्रीने आपल्या नावाशेजारची जागा स्वतःच्या इच्छेने भरली अथवा रिकामी ठेवली, तेव्हा तिला त्याची काही किंमत द्यावी लागली, किंवा ती देण्याइतके सामर्थ्य तिच्याजवळ असावे लागले. १ मे २०२४ रोजी जन्मलेली मुलगी १ मे २०४२ रोजी अठरा वर्षांची होईल. तिने विवाह केला तर तिच्या नावातील आई आणि वडील यांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यानंतर तिच्यापुढे येईल. तो निर्णय तिला काहीही किंमत न देता घेता आला, तरच मुलीचे मधले नाव निवडले गेले असे म्हणता येईल.